मुसद्दीलाल कुठे बसलाय?

नाशिक

चि. सोनूस,


‘द ऑफिस’ या मालिकेतला जिम तुला फार आवडतो, असं तू लिहिलंस. कामात जेमतेम लक्ष आणि दिवसभर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या खोड्या. वर विचारलंस, मावशी, तू तर सरकारी नोकरीत जन्म काढलास, तुला असा माणूस आवडेल का?

आवडतो. माझा मात्र भाटिया.

२००१ साली सब टीव्हीवर राजीव मेहरांची ‘ऑफिस ऑफिस’ ही मालिका लागायची. मनोज पाहवाचा भाटिया सतत खात असायचा, संजय मिश्राच्या शुक्लाच्या तोंडात पान, देवेन भोजानीचा पटेल कशातही ‘दो बातें’ काढायचा आणि आपली आसावरी जोशी ‘वही तो’ म्हणत सगळ्यांच्या हो ला हो मिळवायची. यांच्यापुढे हेलपाटे घालणारा मुसद्दीलाल म्हणजे पंकज कपूर. दर भागात कचेरी वेगळी, पण टेबलांमागे चेहरे तेच. खातं कुठलंही असो, गाठ याच मंडळींशी पडते, हे मालिकेने किती नेमकं पकडलं होतं!

आमच्या कचेरीतही एक भाऊसाहेब होते. फार लाघवी माणूस. कुणाकडे लग्न असो नाहीतर मयत, सगळ्यांत आधी हजर. चहा सांगायचे तो स्वतःच्या खिशातून. पण त्यांच्या टेबलावर गेलेली फाईल उठायची नाही. सुरगाण्याची, पेठची माणसं पहाटेच्या एसटीने निघून सीबीएसला उतरायची, आणि ‘भाऊसाहेब जागेवर नाहीत, उद्या या’ एवढं ऐकून परत फिरायची. त्या ‘उद्या’पायी दिवसाची मजुरी बुडायची, येण्याजाण्याचं तिकीट वेगळंच. मला भाऊसाहेबही दिसायचे आणि बाकावरचा माणूसही. त्यामुळे भाऊसाहेबांवरची माया कधी आटली नाही, आणि रागही गेला नाही.

‘ऑफिस ऑफिस’ मला म्हणून खरी वाटते. भाटियाला हसताना मुसद्दीलाल नजरेआड होत नाही. या आळसाची किंमत कोण मोजतंय, ते प्रत्येक प्रसंगात समोर असतं. तुझा जिम कागद विकणाऱ्या कंपनीत आहे. त्याची दुपार खोड्यांत गेली तर कुणाचा सातबारा अडत नाही. त्याच्यावर जीव लावणं सोपं आहे गं.

२०११ साली ‘ऑफिस ऑफिस’ मालिकेवर ‘चला मुसद्दी... ऑफिस ऑफिस’ हा चित्रपट आला. त्यात मुसद्दीलाल दप्तरी मयत ठरतो आणि पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत हे त्याला सिद्ध करावं लागतं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणाऱ्या आम्हा पेन्शनरांना ते बघताना पोटात कालवतं. आता ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल दाखल्यामुळे हे काम घरबसल्या होऊ शकतं. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे कुठला दाखला किती दिवसांत मिळायला हवा याचा फलक कचेरीत लावावा लागतो. सुरगाण्याहून आलेल्याला निदान तारीख विचारता येते, याचा मला फार आनंद आहे.

दिवाळीला आलीस की जुने भाग लावू. तुझा जिमही दाखव मला. कागद मागवून वाट बघत बसलेलं गिऱ्हाईक त्यात कधी दिसतं का, ते मला बघायचंय.

तुझी
मावशी