गॉगलमधली चाळिशी

मंडळी, आज पालिकेवर नाही, पाण्यावर नाही आणि कुणाच्या पक्षप्रवेशावर तर नाहीच नाही. आज गॉगलवर लिहितोय. हसू नका. शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्या तालुक्याचाच आहे.

माझं वय ४७. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "पत्रकार, बातम्यांमागं गाडीवर पळता, आता जरा पायानं पळा." पळणं काही जमेना, म्हणून सेकंडहँड गिअरची सायकल घेतली. आम्ही चौघं आहोत. एक शिक्षक, एक मेडिकलवाले, एक विमा एजंट आणि मी. रोज सकाळी मोहटा देवीपर्यंत आणि रविवारी तिसगावमार्गे करंजी घाट.

करंजीकडं जाताना सूर्य पाठीमागं असतो. येताना तोंड पूर्वेला, ऊन थेट डोळ्यात. त्यात महामार्गाची धूळ, आणि हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमधून उडणारं पाचट. गॉगल नाही घातला तर घरी येऊन तासभर डोळे चोळत बसायचं. म्हणून गॉगल घेतला आणि दुसरीच अडचण सुरू झाली. हँडलवरच्या मोबाईलवर मेसेज आला की अक्षरंच दिसेनात. मग थांबा, हेल्मेट सरकवा, गॉगल काढा, खिशातली चाळिशी शोधा, ती लावा, वाचा, पुन्हा सगळं उलट करा. तोवर सोबतचे तिघं निवडुंग्याला चहा पिऊन मोकळे.

आपल्या भाषेनं या चष्म्याचं नावच वयावरून ठेवलंय. चाळिशी. डोळ्यातलं भिंग तरुणपणी लवचिक असतं, जवळचं बघताना फुगतं. वय वाढलं की ते कडक होतं आणि फुगायचं सोडतं. हा आजार नाही. आमदाराला होतं, मजुराला होतं, कुणाला सुटका नाही. तरी आपण लपवतो. मीही दोन वर्षं लपवली. त्या दोन वर्षांत एकदा टंचाईच्या कागदावरचे ११ टँकर मी १९ वाचले आणि तसेच छापून आणले. दुसऱ्या दिवशी चुकीची दुरुस्ती द्यावी लागली. दोष कागदाचा नव्हता, माझ्या डोळ्यांचा होता. खरं सांगायचं तर माझ्या ऐटीचा होता.

तर शोध लागला की खाली वाचायचं भिंग बसवलेला सायकलिंग गॉगल मिळतो. वरून रस्ता बघायचा, खालून अक्षरं वाचायची. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिननं अठराव्या शतकात दोन चष्म्यांची भिंगं अर्धी अर्धी कापून एका फ्रेममध्ये बसवली होती. आपल्या आजोबांच्या चष्म्यात खाली जी चंद्रकोर दिसायची, ती तीच. मी ऑनलाइन मागवला. नंबर निवडायला पाच पर्याय होते. म्हणलं, जास्त नंबर म्हणजे जास्त चांगलं दिसणार. अडीचचा घेतला.

पहिल्याच रविवारी करंजी घाट उतरताना समोरचा रस्ता स्वच्छ, पण चाकापुढचा दोन मीटरचा रस्ता धुरकट. त्या धुरात एक खड्डा होता. कोपर सोललं, गुडघ्याला चार टाके, आणि बायकोनं आठ दिवस सायकलला कुलूप लावलं. पुढं ज्यांना घ्यायचाय त्यांनी माझ्या गुडघ्याकडून शिकावं, म्हणून हे सविस्तर सांगतोय.

पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात एक पोरगा बसतो. ऑप्टोमेट्री शिकून आलाय. त्यानं गॉगल हातात घेतला आणि म्हणाला, "काका, अडीच नंबर हातातल्या पोथीला असतो, हँडलला नाही." काका म्हणाला ते लागलं, पण मुद्दा बरोबर होता. अडीचच्या भिंगातून साधारण ४० सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं. त्यापलीकडचं सगळं पुसट. हँडलवरचा मोबाईल त्याहून लांब असतो, रस्ता तर फारच लांब. म्हणजे नंबर आपल्या वयावरून निवडायचा, तसाच वाचायची वस्तू किती अंतरावर आहे त्यावरूनही.

"सायकल घेऊन या," म्हणाला. नेली. दुकानासमोर मी हेल्मेट घालून सायकलवर बसलोय, शिक्षकांनी मागून सायकल धरलीय आणि तो पोरगा टेलरच्या टेपनं माझ्या डोळ्यापासून मोबाईलपर्यंतचं अंतर मोजतोय. बाजारचा दिवस, गर्दी जमली. एकानं विचारलंच, "पत्रकाराचं माप घ्यायलंय का कुणी?" अंतर भरलं ६२ सेंटिमीटर. माझी घरातली चाळिशी पावणेदोनची, पण गॉगलला सव्वाचा नंबर पुरेल असं ठरलं.

मग बाकीच्या गोष्टी त्यानं एकेक समजावल्या.

पहिली, काच नको, पॉलिकार्बोनेट हवं. पडलात तर तुकडे डोळ्यात जात नाहीत.

दुसरी, रंग गडद असला म्हणजे संरक्षण असतं हा गैरसमज आहे. गडद भिंगामागं बाहुली मोठी होते. अतिनील किरण अडवणारा थर नसेल तर उलट जास्त किरण आत जातात. त्यामुळं 'यूव्ही ४००' असेल तरच घ्यायचा. सर्वांत गडद म्हणजे चौथ्या श्रेणीचा गॉगल तर वाहन चालवायला चालतच नाही.

तिसरी, पोलराइज्ड भिंगातून काही मोबाईलचा स्क्रीन एका कोनात काळा पडतो. वाचायसाठीच गॉगल घेताय, तर आधी आपल्याच मोबाईलवर बघून घ्या.

चौथी, वाचायचं भिंग अगदी तळाशी आणि लहान असावं. आम्ही सायकलवर वाकून बसतो, त्यामुळं रस्ता भिंगाच्या वरच्या भागातून बघतो. सरळ बसणाऱ्याला भिंग थोडं जरी वर आलं तरी खड्डा दिसत नाही.

पाचवी, तयार गॉगलमध्ये दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो. ज्यांना दूरचा नंबर आहे किंवा एका डोळ्याला वेगळा आहे, त्यांनी तपासून बनवूनच घ्यावा. आणि चाळिशीनंतर नुसता नंबर काढून थांबू नका. डोळ्याचा दाब तपासा. साखर असेल तर पडदाही दाखवा. काचबिंदू सांगून येत नाही.

शेवटी मी तयार जोडभिंगाचा गॉगल घेतलाच नाही. साधा, फिकट तपकिरी, चांगला पॉलिकार्बोनेटचा गॉगल घेतला आणि त्याला आतून पाण्यानं चिकटणारी सव्वा नंबरची मऊ भिंगं लावली. कात्रीनं कापता येतात. त्यानं ती नगरहून मागवून दिली. लावायच्या आधी तिथं कागदी चिकटपट्टीचे तुकडे डकवून मोहट्याला एक चक्कर मारायला लावली. पट्टी रस्त्यात आडवी आली म्हणून दोनदा खाली सरकवली, तेव्हा जागा सापडली. मग भिंगं लावून एक दिवस तशीच वाळू दिली. खर्च ऑनलाइनवाल्यापेक्षा थोडा कमीच आला. जाता जाता, २२ सप्टेंबर २०२५ पासून नजरेच्या चष्म्यावरचा जीएसटी ५ टक्के झालाय. नुसत्या उन्हाच्या गॉगलवर १८ टक्केच आहे. सरकारलाही गरज आणि हौस यातला फरक कळतो म्हणायचा.

एक गोष्ट मात्र कुठलंच भिंग सोडवत नाही. ताशी ३० च्या वेगानं सायकल सेकंदाला आठ मीटरहून जास्त जाते. दोन सेकंद मेसेज वाचला म्हणजे सोळा-सतरा मीटर आंधळं चालवलं. म्हणून वाचायचं असेल तर थांबायचं. गॉगल न काढता वाचता येतं, एवढाच त्याचा फायदा.

आता मूळ विषय.

गेल्या हंगामात, दिवाळी झाल्यावर, आम्ही रविवारी तिसगावजवळ चहाला थांबलो होतो. शेजारी एक ट्रॅक्टर उभा होता. पाठीमागं संसार भरलेला. पत्रे, हंडे, चूल, शेळी, पोरं. टोळी कारखान्याला निघालेली. पन्नाशीचा एक माणूस माझ्याजवळ आला. हातात घडी घातलेला कागद. "साहेब, एवढं वाचून द्या."

मी सहज म्हणलं, "शाळेत गेला नव्हता का?"

तो म्हणाला, "सातवी झालोय. वाचता येतंय. पर आता अक्षर दिसत न्हाई."

मला माझीच लाज वाटली. मी त्याला अडाणी समजलो होतो. तो अडाणी नव्हता, त्याला फक्त चाळिशी लागली होती. कागद उचलीचा होता. खाली त्याची सही, नीट, वळणदार. सही करता येत होती. कशावर करतोय ते दिसत नव्हतं.

मी खिशातली चाळिशी काढून त्याच्या हातात दिली. नंबर त्याच्या वयाला जरा कमीच पडत असणार. तरी त्यानं कागद लांब धरला, पुढं आणला, एका जागी थांबवला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला. मध्येच थांबला. 'मागील बाकी' म्हणून एक आकडा होता. "ही बाकी तर मला कुणी सांगितलीच न्हाई," म्हणाला. ती बाकी खरी की खोटी, हे मला माहीत नाही. मुकादमाची बाजू मी ऐकलेली नाही. पण त्यानं कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "इचारतो."

मग चष्मा तसाच ठेवून त्यानं तळहात बघितला. बाभळीचा काटा मोडला होता, चार दिवसांपासून ठणकत होता. नखानं काढून टाकला. त्याची कारभारीण बघत होती. ती म्हणाली, "मला बी सुई ओवाया व्हईल." चष्मा परत मागायचा प्रश्नच नव्हता. माझ्या गॉगलमध्ये दुसरी होती.

त्या दिवसापासून हिशोब डोक्यात फिरतोय. मी एका गॉगलसाठी महिनाभर घातला. अंतर मोजलं, पट्ट्या चिकटवल्या, एकदा पडून बघितलं. आणि आपल्या तालुक्यातून दर साली जी माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्यांच्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या किती जणांकडं बाजारातला दीडशे रुपयांचा चष्मा आहे? उचलीचा कागद, काट्याची पावती, बँकेचा मेसेज, पोराच्या औषधाची तारीख, हे सगळं दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचायचं. दुसरा वाचेल ते खरं.

कुणी म्हणेल, ऊस तोडायला चाळिशी कशाला लागते? चहाची पानं खुडायलाही लागत नाही असंच वाटायचं. आसामच्या चहामळ्यात चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर अभ्यास झाला, २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची रोजची खुडणी, न दिलेल्यांच्या तुलनेत २१ टक्क्यांहून जास्त वाढली. बांगलादेशात असाच अभ्यास झाला, २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ महिन्यांत चष्मेवाल्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं जास्त झाली.

आणि उसात तर डोळ्याला दुसराही धोका आहे. उसाचं पान करवतीसारखं. ते डोळ्याला लागलं, वर घरगुती उपाय केला, आणि बुरशीचा संसर्ग होऊन डोळ्यात फूल पडलं, तर दृष्टी जाऊ शकते. मी हे त्या दुकानातल्या पोराला सांगितलं, तेव्हा त्यानं कपाटातून एक गॉगल काढला. वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग करणारे वापरतात तसा. रंग नसलेला, पॉलिकार्बोनेटचा, बाजूनं झाकलेला, आणि खाली वाचायचं भिंग. म्हणजे मी सायकलसाठी जे शोधत होतो, तेच. फक्त पारदर्शक. घामानं त्यावर वाफ धरते, त्यामुळं सगळे दिवसभर घालतील असं नाही. पण आधी दिलाच नाही तर घालणार कोण?

तेलंगणा सरकारनं १५ ऑगस्ट २०१८ ला 'कांटी वेलुगु' सुरू केलं. गावोगाव पथकं, डोळे तपासणी, जागेवरच वाचायचा चष्मा. आपल्याकडं अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. मोतीबिंदूची शिबिरं होतात, चांगली होतात. पण टोळी पाच-सहा महिने गावात नसते, आणि शिबिर नेमकं तेव्हा लागलं तर उपयोग काय? ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागं १० रुपये घ्यायचं ठरलंय. त्या दहा रुपयांतून एक चष्मा निघू शकत नाही का?

मागणी छोटी आहे. दसऱ्याच्या आधी, टोळ्या हलायच्या आत, ज्या गावांतून कोयते जातात तिथं एकेक दिवस डोळे तपासणी. चाळिशीपुढच्या प्रत्येकाला, बाईला आणि बाप्याला वेगवेगळा, जवळचा चष्मा. मागाल त्याला तो पारदर्शक गॉगल. ग्रामसभेत ठराव घ्या, अर्ज मी लिहून देतो. आम्ही चौघांनी आपल्या परीनं पन्नास चष्म्यांचे पैसे बाजूला काढलेत. तपासायला तो दुकानातला पोरगा तयार आहे. एकच अट घातलीय त्यानं. तपासल्याशिवाय कुणाला चष्मा वाटायचा नाही.

बाकी, ज्यांना माझ्यासारखा गॉगल घ्यायचाय त्यांनी सायकलसकट दुकानात जावं. गर्दी जमेल, जमू द्या.

आणि ज्यांनी हा मजकूर मोबाईल हातभर लांब धरून वाचला, त्यांनी आजच डोळे तपासून घ्यावेत.