नव्या भांड्यांची डुबकी

प्रिय चिमे,

अश्दोदला स्वयंपाकघर लागलं, पण जेवण अजून कागदी ताटल्यांत चाललंय, असं तुझी आई म्हणाली. ठाण्याहून नेलेली भांडी मिक्व्यात, म्हणजे शुद्धीच्या पाण्याच्या कुंडात, बुडवल्याशिवाय वापरायची नाहीत, आणि चुकून त्यात भात शिजवला तर तो टाकून द्यायचा, असं तुला कुणीतरी सांगितलंय म्हणे. पहिलं खरं, दुसरं नाही. बुडवायचं राहिलं म्हणून अन्न निषिद्ध होत नाही. दुसऱ्या भांड्यात काढून घे आणि जेव.

भांडी बुडवण्याचा नियम तोरातल्या ‘गणना’च्या ३१व्या अध्यायातून येतो. मिद्यानींशी लढून आलेल्यांना एलाजार याजक लुटीतल्या भांड्यांचं काय करायचं ते सांगतो: सोनं, रुपं, तांबं, लोखंड, कथील, शिसं. तालमूदमध्ये एका रब्बीची गोष्ट आहे. त्यांनी परधर्मीयाकडून मातीचं भांडं विकत घेतलं आणि ते बुडवायला निघाले. त्यांना सांगण्यात आलं की अध्यायात फक्त धातूची भांडी आहेत. काच पुढे रब्बींनी जोडली, कारण फुटलेली काचही धातूसारखी वितळवून पुन्हा घडवता येते.

मला पटलेली गोष्ट वेगळीच. तालमूद म्हणतो, नियम विकत घेतलेल्या भांड्याला. उसन्या आणलेल्याला नाही. म्हणजे परधर्मीय शेजारणीची कढई मागून आणली तर ती बुडवायची नाही. म्हणून हे कुणाचा विटाळ मानणं आहे, असं मला वाटत नाही. भांडं आपल्या मालकीचं झालं, आपल्या जेवणात आलं, त्याची ही खूण. यरुशलेमच्या तालमूदातलं कारण जरा कठोर आहे. भांडं परक्यांच्या अशुद्धतेतून इस्राएलच्या पावित्र्यात येतं, असं तो म्हणतो. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांमध्ये मिसळून राहिलेल्या आपल्या यहुदी लोकांना ते जड जातं, हे मी लपवत नाही.

आता कामाचं. लाकडी पोळपाट-लाटणं आणि पाटा-वरवंटा यांना डुबकी लागत नाही. स्टीलची ताटं, तवा, झारा आणि काचेचे ग्लास बुडवायचे. दुकानाचं लेबल काढच, खालचा चिकट डिंकही तेल लावून घालव; पाणी सगळीकडून लागायला हवं. कुकरची शिट्टी नि रिंग सुटी कर. भांडं धरायचं ते हात आधी ओला करून, सैल. पहिल्या भांड्याआधी बराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हण. चिनी मातीच्या चकाकत्या बशा बुडवतात, पण बराखा न म्हणता. आजीचं पितळी पातेलं तिने बुडवलं होतं का, हे आता कुणाला ठाऊक नाही; तेही तसंच, बराखाविना. कुणाचं जुनं भांडं विकत घेतलंस तर आधी उकळत्या पाण्याने कोशेर, म्हणजे आपल्या जेवणाला योग्य, कर, मग डुबकी.

समुद्रही चालतो. पण लाटेत झारा गेला तर मला फोन करू नकोस.

शब्बाथला भांडी बुडवत नाहीत, तेव्हा शुक्रवारच्या सूर्यास्ताआधीच जाऊन ये.

तुझी,
आत्या