झिलप्या

आमच्या घरात चूल होती. काडीपेटी होती. लाकूडही असायचं, कधी बाभळीचा बुंधा, कधी लिंबाचा ओंडका. नसायचं ते बारीक सरपण. पहिला जाळ ज्याच्यावर धरतो ते.

ज्याचं शेत त्याचं बारीक सरपण. तुराट्या तुरीच्या रानातनं येतात. धसकटं जोंधळ्याच्या रानातनं. चिपाडं गुऱ्हाळावरनं. शेणी थापायच्या तर दावणीला जनावर पाहिजे. आमच्याकडं रान नव्हतं, दावण नव्हती. बांधावरची काटकी उचलली तरी हाक यायची, "कुणाला इचारून घेतलीस गं?" दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तेव्हा मागणी जमिनीची होती. लोक म्हणतात, जमीन म्हणजे धान्य. धान्य तर खरंच. पण आमच्या आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, जमीन म्हणजे सकाळी चूल पेटवायला मूठभर काड्या.

बाप वाड्यावर लाकडं फोडायचा. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडलं. वतनं संपवायचा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. तीस वर्षं! कागदावरनं वतन गेलं, तरी आमच्या दारात लाकडं फोडायचं बोलावणं यायचंच. लग्न त्यांचं, लाकडं बापानं फोडायची. मयत त्यांचं, लाकडं बापानं फोडायची. वर शिळी भाकरी न् कोरड्यास.

एकदा आई बापाबरोबर गेली होती. दिवसभर लाकडं फोडून झाली. खाली ढलप्यांचा सडा पडलेला. आईनं त्यातल्या पदरात भरून घेतल्या. वाड्यावरची बाई ओसरीवरनं म्हणाली, "टाक खाली. न्हाणीचं पाणी तापवाया लागत्यात आमाला." आईनं पदर झाडला. घरी आल्यावर लुगड्याच्या निऱ्यांत अडकलेली एक ढलपी निघाली. ती आईनं चुलीत घातली नाही. दाराबाहेर भिरकावली. त्या दिवसापासनं तिनं त्या वाड्यावरचं काही उचललं नाही, आणि इस्तू मागायला कुणा वाड्यावर गेली नाही. तिथं इस्तूसुद्धा वरनं टाकायचे, खापरीत. पडला खापरीत तर पडला, नाहीतर हातावर.

आपल्या आळीत तसं नव्हतं. एका चुलीचा इस्तू दहा चुलींत जायचा. रात्री राखेत झाकून ठेवायचा, सकाळी ज्याचा जिता राहील त्यानं वाटायचा.

हे सगळं मी बघत आलो होतो. पण चूल कशी पेटते ते मला माहीत नव्हतं. मी मुलगा. मी शिकत होतो.

१९७८ साल. नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. मी कॉलेजात होतो. तालुक्याच्या गावी निषेध सभा झाली. तिथं मी बोललो. वणवा, ज्वाला, अंगार, जेवढे शब्द येत होते तेवढे सगळे बोललो. टाळ्या पडल्या. त्याच तारेत दुसऱ्या दिवशी गावी आलो.

श्रावणाची झड लागली होती. बाप मुंबईला चुलत्याकडं गेलेला. बहीण सासरी. आई वाकळ पांघरून पडलेली, अंग तव्यासारखं तापलेलं. सकाळपासनं चूल पेटली नव्हती. आळीत शेजारच्या चारी चुली विझलेल्या, छपरं गळत होती. म्हटलं, घोटभर चहा करून देऊ.

बाभळीचं खांड चुलीत घातलं. काडी लावली. काडी जळून बोटाला चटका बसला. लाकूड तसंच. मग चिमणीतलं रॉकेल ओतलं. भक्कन जाळ झाला, माझ्या भुवया होरपळल्या, न् क्षणात गप. लाकूड नुसतं काळं पडलं. मग पिशवीतली सभेची पत्रकं काढली, ती घातली. चांगली पेटली. दोन मिनिटांत राख. घरभर धूर. आई खोकत उठून बसली.

"आरं लेका, काय चाललंय तुजं?"

"पेटंना."

"असं कसं पेटंल? कोयता घे."

आणि वाकळंतनं तिनं मला शिकवलं. "वरची साल वल्ली हाय, ती तासून टाक. आता मधनं फोड. लाकूड कितीबी भिजलं तरी पोटात कोरडं असतंय." फोडलं. खरंच, आत कोरडं होतं. "त्या पोटातल्या तुकड्याच्या झिलप्या काढ. पातळ. पर तोडू नगं, बुडाला चिकटून ऱ्हाऊ देत." माझ्या हातनं दोन झिलप्या तुटल्या, एकदा बोट कापलं. "दोन खांडकं बाजूला ठेव, मधी वारं जाया जागा ठेव. झिलप्या खाली करून टेकव. काडी खालनं लाव. जाळ वर चढतोय, खाली उतरत न्हाय." मी फुंकणी उचलली. "आत्ताच फुंकू नगं. इझंल. लाकूड लाल झाल्यावर फुंक."

तीन काड्या गेल्या. चौथीला जाळ धरला. त्याच लाकडाच्या झिलपीनं तेच लाकूड पेटवलं. बाहेरची एक काटकी लागली नाही.

चहा पिता पिता आईनं विचारलं, "सभेत काय बोललास?"

"पेटून उठा म्हनलो."

ती हसली नाही. म्हणाली, "रोज पेटवताव की आमी. कुणी बघितलंय?"

त्या रात्री मला झोप आली नाही. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली हे आपण दरवर्षी सांगतो. तिथंही खड्डा आधी खणून ठेवला होता, लाकडं आधी रचून ठेवली होती. ज्वाळेचं नाव आपण घेतो. खणणाऱ्याचं, रचणाऱ्याचं नाव घेत नाही. आणि आपल्या घरात रोज रचते ती तर बाईच.

चुलीला मी थोर म्हणत नाही. त्या धुरानं आईची छाती खाल्ली. शेवटची सहा वर्षं ती बसून झोपली. उज्ज्वला योजना २०१६ ला आली, तेव्हा आई राहिली नव्हती. भावजयीला टाकी मिळाली. पैसे असले की ती भरून आणते, नसले की कोयता घेते, झिलप्या काढते. रान अजून आमचं नाही.

आता नवी पोरं येतात. म्हणतात, सर, आगीवर बोला. मी म्हणतो, बोलू. आधी घरी जा. पावसाळ्यात एकदा चूल पेटवा. रॉकेल नको, कागद नको, कुणाच्या वाड्यावरचा इस्तू नको. मग चहा करा. आईला द्या, बायकोला द्या, बहिणीला द्या.

त्याच्यानंतर सभेला या. मीही येतो.