सह्यांआधीचं काम

प्रिय सुनंदाताई,


शेजारी देशांमधली जुनी दुखणी सरकारांनी बसून मिटवावीत, नागरिकांच्या संघटना मध्ये पडल्या की ती चिघळतात, हे तुमचं म्हणणं जपान आणि कोरियाच्या बाबतीत मला पटत नाही. सरकारांनी 1965 साली मिटवामिटवी केलीच होती. जपानने तीस कोटी डॉलर अनुदान आणि वीस कोटींचं कर्ज दिलं, आणि दाव्यांचा प्रश्न पूर्णपणे व कायमचा निकालात निघाल्याचं करारात लिहिलं गेलं. जपानी लष्कराने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या कोरियन स्त्रियांचा त्यात उल्लेखही नव्हता. 14 ऑगस्ट 1991 रोजी किम हाक-सून सोलमध्ये स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे बोलल्या, तेव्हा कुठे या दुःखाला वाचा फुटली. त्यांच्यामागे कोरियातल्या महिला संघटना होत्या. पण कागदोपत्री पुरावा आला तो जपानमधून. योशिआकी योशिमी या इतिहासाच्या प्राध्यापकांनी संरक्षण खात्याच्या ग्रंथालयातून जुने लष्करी कागद शोधून काढले. बायका गोळा करणारी माणसं सैन्याने नीट पारखून नेमावीत आणि त्या कामी पोलिसांशी संधान ठेवावं, अशा अर्थाचा 1938 सालचा आदेश त्यात होता. जानेवारी 1992मध्ये हे छापून आलं. सगळा उद्योग खासगी दलालांचा, असं तोवर सांगणाऱ्या जपान सरकारला मग तसं म्हणायची सोय उरली नाही. पुढच्याच वर्षी जपान सरकारच्या वतीने कोनो यांनी केलेल्या निवेदनात लष्कराचा हात असल्याचं मान्य करून क्षमा मागितली गेली. आपल्याच सरकारचा खुलासा एका जपानी माणसाने खोटा पाडला, याने कोरियन लोकांना जो विश्वास वाटला असेल, तो कोणत्या राजदूताला देता आला असता?

संघटना पीडित स्त्रियांच्या वतीने परस्पर निर्णय घेतात, हा तुमचा दुसरा आक्षेप मात्र मी झटकून टाकत नाही. 1995 साली निघालेल्या आशियाई महिला निधीत सामान्य जपानी लोकांनी मनापासून पैसे घातले, सोबत पंतप्रधानांचं क्षमापत्र होतं. भरपाई देणग्यांतून नको, सरकारने कायदेशीर जबाबदारी घेऊन द्यावी, म्हणून कोरियातल्या संघटनांनी तो धुडकावला. मागणी रास्त होती. पण ज्या वृद्ध स्त्रियांनी पैसे घेतले त्यांनाच बोल ऐकावे लागले, हे वाईट झालं. जिने सोसलं तिने काय घ्यावं, हे ठरवणं संघटनेचं काम नव्हे. आता हाच न्याय सरकारांनाही लावा. डिसेंबर 2015मध्ये दोन परराष्ट्रमंत्र्यांनी एक अब्ज येनच्या बोलीवर प्रश्न कायमचा सुटल्याचं जाहीर केलं, तेही त्या स्त्रियांशी नीट बोलल्याशिवाय. हयात असलेल्या बऱ्याच जणींनी पैसे घेतले, तरी समझोता तगला नाही. तीन वर्षांत कोरियाने त्यासाठी उभारलेली संस्था गुंडाळायला काढली. रक्कम कमी पडली म्हणून हे झालं नाही. ज्यांच्या नावाने सह्या झाल्या त्यांनाच बाहेर ठेवलं होतं, आणि तशा सह्या सरकार बदललं की उलटवता येतात. त्यामुळे संघटना नसत्या तर समेट लवकर झाला असता, हे मी मानत नाही. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते जरूर कळवा.

तुमचा,
श्रीधर