कोरी जागा

पुणतांबा म्हटले की अलीकडे लोकांना जून २०१७ मधला शेतकरी संप आठवतो. आगगाडीने फिरणाऱ्यांना शिर्डीकडे वळणारा फाटा आठवतो. मराठीच्या प्राध्यापकाला मात्र आठवते ते एक कोरे पत्र. गोदावरीच्या काठी आमच्या गावात चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याला ज्ञानदेवांना पत्र लिहिताना मायनाच सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावेत, तर अधिकार मोठा. नमस्कार लिहावा, तर वय आड येते. शेवटी त्यांनी कोरा कागदच पाठवला, अशी आख्यायिका आहे. त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर आले, तीच ‘चांगदेव पासष्टी’. ही कथा मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. तिचा एक अर्थ मात्र मला संगणकापुढे बसून, स्वतःचे नुकसान करून घेतल्यावर उमगला.

दहा-बारा वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मी आसपासच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांचा आदर्श समोर होता. आमच्या भरल्या ४१२. वह्यांतून त्यांना १ ते ४१२ असे क्रमांक दिले आणि सगळ्या टंकून घेतल्या. १४१ ते १६५ या पंचवीस ओव्या माझ्या आईच्या होत्या. टंकन झाल्यावर वह्या मीच रद्दीत घातल्या. आई दोन वर्षांपूर्वी गेली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत ही यादी स्वच्छ करायला घेतली. त्यासाठी पायथॉन या संगणकभाषेची जुजबी ओळख करून घेतली होती. दोन ठिकाणे खटकत होती. ४१ ते ६० या ओव्या एका विद्यार्थ्याने बायांच्या तोंडून न घेता छापील पुस्तकातून उतरवल्या होत्या, आणि १२१ ते १४० हा मजकूर दोनदा टंकला गेला होता. सलग पट्टा वगळण्याची आज्ञा अगदी सोपी असते: यादीचे नाव, त्यापुढे चौकोनी कंस, कंसात दोन आकडे आणि त्यांच्यामध्ये विसर्गासारखी दोन टिंबे. मी पहिल्यांदा ४१ आणि ६० लिहिले, दुसऱ्यांदा १२१ आणि १४०. दोन ओळींत काम झाले. राहिलेल्या ओव्या मोजल्या तर ३७४. चाळीस वगळल्यावर ३७२ उरायला हव्या होत्या. पण दोनांचा फरक तो काय, असे म्हणून फाइल जतन केली आणि उठलो.

आईच्या श्राद्धाच्या दिवशी तिच्या ओव्या काढायला बसलो. सहाच सापडल्या.

काय घडले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने समजावून सांगितले; ती आता पुण्यात संगणकक्षेत्रात नोकरी करते. पहिली चूक मोजण्याची. आपण एकपासून मोजतो, पायथॉन शून्यापासून. शिवाय पट्ट्याचा पहिला आकडा त्यात धरला जातो, शेवटचा धरला जात नाही. ही लहर नव्हे. एड्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली एका टिपणात हीच पद्धत का बरी, ते मांडले आहे: दोन आकड्यांची वजाबाकी केली की पट्ट्याची लांबी मिळते, आणि जिथे एक पट्टा संपतो तिथेच दुसरा सुरू होतो. मला ४० आणि ६० लिहायला हवे होते. ४१ लिहिल्यामुळे एक ओवी वाचली आणि एकोणीस गेल्या.

दुसरी चूक अधिक खोल होती. मधला पट्टा काढला की यादी तिथे जागा रिकामी ठेवत नाही. मागचे सगळे घटक पुढे सरकतात आणि प्रत्येकाचा क्रमांक बदलतो. माझ्या हातात होते जुने आकडे, समोर होती नवी यादी. मी १२१ ते १४० म्हणालो तेव्हा त्या जागेवर मुळातल्या १४१ ते १५९ या ओव्या येऊन बसल्या होत्या. दोनदा टंकलेला मजकूर जसाच्या तसा राहिला आणि आईच्या एकोणीस ओव्या गेल्या. “सर, एकाहून जास्त पट्टे काढायचे असतील तर शेवटाकडून सुरुवात करायची असते,” ती म्हणाली. “मागचा आधी काढला की पुढच्यांचे क्रमांक हलत नाहीत. आणि खरं तर मूळ यादीला हात लावूच नये. हवे तेवढे घेऊन नवी यादी करावी.”

हा धडा मला माझ्याच विषयाने आधी द्यायला हवा होता. ज्ञानेश्वरीची ओवी नुसत्या क्रमांकाने उद्धृत करू नये, आवृत्ती सांगावी, असे मी विद्यार्थ्यांना बजावतो. कारण राजवाड्यांनी १९०९ साली छापलेल्या प्रतीतली ओवी प्रचलित प्रतीत त्याच क्रमांकावर भेटेलच असे नाही. एकनाथांनी शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये असे बजावून ठेवले. वगळणे हे आपल्या वाङ्मयपरंपरेला नवे नाही. परंतु त्या वगळण्याची चर्चा आपण आज करू शकतो, ती इतर प्रती कुठे कुठे उरल्या म्हणून. जुना लेखनिक चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावी. पिवळ्या रंगाचा तो लेप. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. पोथी उघडली की पिवळा डाग सांगतो, इथे काहीतरी होते. माझ्या यादीवर असा डाग नव्हता. ३७४ ओव्या एकीला एक लागून, निर्वेध उभ्या होत्या. जणू आई सहाच ओव्या गायली.

चांगदेवांचा कागद कोरा होता, पण कागद होता. कोरी जागा दिसली म्हणून तर तिला उत्तर देता आले. जिथे जागाच मिटते तिथे उत्तर कशाला द्यायचे?

मी मावशीला फोन केला. तिने अकरा ओव्या सांगितल्या. आई अशीच म्हणायची का, हे तिलाही नक्की सांगता येईना. एका ओवीत ती भावाच्या जागी लेक म्हणाली आणि मग स्वतःच थांबली. त्या अकरा मी आईच्या नावावर घातल्या नाहीत, मावशीच्या नावाने शेवटी जोडल्या. आणि यादीत, आईच्या उरलेल्या सहा ओव्यांच्या आधी, एकोणीस रिकाम्या ओळी हाताने टंकल्या. विद्यार्थिनी म्हणाली, “सर, यामुळे मोजणी चुकेल.” मी म्हटले, चुकू दे.