कीर्द आणि खतावणी

जुन्या पद्धतीच्या पेढीवर दोन वह्या असत, हें ज्यांनीं घरचा हिशेब थोडाफार पाहिला आहे त्यांना सांगावयास नको. एक कीर्द. दिवसभरांत जें जसें घडलें तें तसें तींत उतरावयाचें. आधीं तेल आलें तर आधीं तेल, मागून कापड आलें तर मागून कापड. दुसरी खतावणी. कीर्दींतील नोंदी तींत खातेवार विभागून जात, आणि अमक्या कुळाकडे किती येणें आहे असें कोणी विचारलें कीं मुनीम हीच वही उघडी. कीर्द लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातांतून ती ओढून घेऊन मालकच तींत वर्षाची बाकी शोधूं लागला, तर त्या दिवसाचा व्यवहार बुडालाच म्हणून समजावें.

ही साधी गोष्ट आमच्या काळांतील यंत्रशास्त्रज्ञांनीं पुन्हा एकदां शोधून काढली आणि तिला ‘रिपोर्टिंग सर्व्हर’ असें भारदस्त नांव दिलें. शाळाशाळांतून येणारी माहिती ज्या यंत्रांत उतरते ती कीर्द. तिची नक्कल खातेवार मांडून, प्रश्न विचारणाऱ्यांसाठीं निराळें ठेवलेलें यंत्र ही खतावणी. दोन पावसाळ्यांपूर्वीं एका संस्थेनें असली खतावणी उभी करून देण्याचें काम माझ्याकडे सोंपविलें. तिच्या मदतीच्या वर्तुळांत जिल्ह्यांतील चाळीसएक शाळा होत्या. कांहीं अकोल्याच्या डोंगरांत, कांहीं पाथर्डी-शेवगांवकडच्या माळावर. सकाळीं अकराच्या सुमारास त्यांचे गुरुजी मोबाईलवरून हजेरी आणि पोषण आहार भरूं लागत. नेमका त्याच वेळीं नगरच्या कचेरींत कोणी अहवाल मागितला कीं सारें यंत्र चढावरच्या बैलाप्रमाणें बसकण मारी.

नगर म्हणण्याची ही जिभेची खोड आहे. जिल्ह्याचें नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें, आणि आमच्या कोष्टकांतहि तें बदलावें लागलें. आंकडा मात्र बदलला नाहीं. देशांतील प्रत्येक शाळेला ‘यूडायस’ नांवाचा अकरा अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे, तीन गांवाचे आणि शेवटचे दोन त्या शाळेचे. महाराष्ट्राचे २७ आणि नगरचे २६. तेव्हां या चौदा तालुक्यांत कोणत्याहि शाळेच्या क्रमांकाचा आरंभ २७२६ असाच. माणसांनीं नांवांवरून खुशाल वाद घालावा, यंत्र त्या भानगडींत पडत नाहीं.

कोणी म्हणेल, शाळांची शिरगणती हें हल्लींचें खूळ. तसें नाहीं. १८२४ सालीं मुंबई सरकारनें कलेक्टरांकडून गांवठी शाळांची माहिती मागविली होती. त्या काळचे कागद रा. वि. परुळेकरांनीं १९४५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. आजच्या पद्धतीचा पाया १९९४-९५ च्या सुमारास पडला, २०१२-१३ मध्यें प्राथमिक व माध्यमिक शाळा एकाच नमुन्याखालीं आल्या, आणि २०२२-२३ पासून शाळेच्या बेरजेऐवजीं एकेका मुलाची नोंद होऊं लागली. महाराष्ट्रानें तर २०१५ सालींच ‘सरल’ नांवाच्या व्यवस्थेंत मूलवार माहिती भरावयास घेतली होती. ती भरण्यासाठीं रात्र रात्र जागलेल्या गुरुजींना त्या नांवांतील विनोद विशेष जाणवला असेल.

काम तसें अवघड नव्हतें. एक लिनक्सचें यंत्र, आणि त्यावर पोस्टग्रेस हा माहितीकोश. याचा जन्म १९८६ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठांत झाला. तो विनामूल्य आहे आणि सोशीकहि आहे. त्याचा स्वभाव मुरलेल्या मुनिमासारखा. कोणताहि बदल मूळ कोष्टकांत पक्का करण्यापूर्वीं तो आधीं एका रोजनिशींत लिहून ठेवतो. मध्येंच वीज गेली तर ती रोजनिशी वाचून सारें पुन्हा जागेवर आणतो. हीच रोजनिशी दुसऱ्या यंत्राकडे अखंड पाठवीत राहिलें कीं दुसरें यंत्र पहिल्याची सावली बनतें. पण सावलीला स्वतःचें असें कांहीं लिहितां येत नाहीं, आणि आम्हांला तर बेरजांचीं कोष्टकें मांडावयाचीं होतीं. म्हणून हवीं तेवढींच कोष्टकें, आणि त्यांतहि हवे तेवढेच रकाने, पाठविण्याचा दुसरा मार्ग आम्हीं पत्करला. रात्रीं दोन वाजतां बेरजा नव्यानें होतात, आणि सकाळीं कोणीं कितीहि प्रश्न विचारले तरी कीर्दीला त्यांची झळ लागत नाहीं.

‘हवे तेवढेच रकाने’ या तीन शब्दांवरून मात्र दोन दिवस वाद झाला. कचेरींतील एका सद्गृहस्थांचें म्हणणें, आधार क्रमांक, जात, आईबापांचें उत्पन्न, सारेंच येऊं द्या. उद्यां लागलें तर? ‘उद्यां लागलें तर’ या तत्त्वावर आपल्या घरांतील माळे भरलेले असतात हें खरें. पण माळ्यावरच्या फुटक्या बादलीला लाज नसते, मुलाला असते. अखेर आधार क्रमांक खतावणींत आला नाहीं. नांवें ज्याच्या त्याच्या शाळेपुरतीं दिसावींत, वरच्यांना नुसत्या बेरजा दिसाव्यात, असें ठरलें.

मराठी वर्णमालेनेंहि थोडी थट्टा केली. यंत्राच्या अंकित क्रमांत ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ हीं जोडाक्षरें म्हणून ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटांत जातात. त्यामुळें क्षितिज आणि ज्ञानेश्वर हजेरीच्या शेवटच्या ओळींतून उठून पुढच्या बाकांवर येऊन बसले. मराठीच्या क्रमाचा नियम वेगळा सांगितला तेव्हां दोघेहि मुकाट्यानें आपल्या जागीं गेले.

याहून मौजेची गोष्ट जन्मतारखांची. कांहीं शाळांनीं आपलीं जुनीं जनरल रजिस्टरेंहि भरलीं होतीं. त्यांचा तारीखवार आलेख काढला तों एका जागीं हरिश्चंद्रगडाच्या कड्यासारखा सुळका उभा! तारीख १ जून. शाळा जूनमध्यें उघडत. मुलाला घेऊन आलेल्या बापाला जन्म कधींचा हें सांगतां येत नसे. मास्तर पोराकडे पाहत, सहा वर्षें मागें मोजीत आणि १ जून लिहून मोकळे होत. यंत्राच्या नियमांत असल्या सुळक्याला दोष म्हणतात आणि तो पुसून टाकण्याची शिफारस असते. आम्हीं तो तसाच राहूं दिला. एका पिढीला शाळेच्या दारांतच तिचा वाढदिवस मिळाला होता.

परंतु ज्या सुळक्यानें माझी झोंप उडविली तो निराळा होता; सुळका नव्हेच, दरी होती. यूडायसची गणना ३० सप्टेंबर या दिवसावर बेतलेली असते. त्या दिवशीं पाथर्डीकडची शाळा भरलेली असते. दसरा उलटला कीं ऊसतोडीच्या टोळ्या निघूं लागतात. मुकादमाची उचल घेतलेल्या नवराबायकोच्या जोडीला तिकडे ‘कोयता’ म्हणतात. माणसांना हत्याराचें नांव! कोयत्याबरोबर तान्हें मूल जातें, आणि तान्ह्याला सांभाळण्यासाठीं आठदहा वर्षांची बहीण जाते. फार दूरहि जावें लागतें असें नाहीं. लोणीजवळ १९५० सालीं सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यापासून याच जिल्ह्याच्या उत्तरेस उसाचें राज्य आहे. आमच्या खतावणींत महिनावार हजेरीचा आलेख प्रथम उमटला तेव्हां कोपरगांवची रेघ शांत चालली होती, आणि पाथर्डीची नोव्हेंबरांत तुटून पडून एप्रिलांत वर येत होती. एकाच जिल्ह्याच्या त्या दोन रेघा. जणूं एकीच्या पोटांतून दुसरी निघाली होती.

“सरासरी काढा,” कचेरींत सूचना आली, “वर्षाची एकच संख्या बरी दिसते.” सरासरीसारखें दुसरें पांघरूण नाहीं. मीं रेघा तशाच ठेवल्या. पण खरा प्रश्न कचेरीकडून आला नाहीं. तो पाथर्डीच्या एका गुरुजींकडून आला. बैठक संपल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, हें चित्र वर गेलें तर आमचा एक शिक्षक कमी होईल. मग एप्रिलांत पोरं परत आल्यावर शिकवायचं कुणी?”

त्यांच्या भीतीला इतिहास होता. २०११ सालीं ३ ते ५ ऑक्टोबरांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलें जाऊं नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदारांप्रमाणें शाई लावली. केवळ कागदावर बसणारीं लक्षावधि मुलें त्या तीन दिवसांत नाहींशीं झालीं. तें योग्यच झालें. पण तेव्हांपासून रिकामा बाक म्हणजे लबाडी, असें समीकरण वरच्यांच्या मनांत बसलें. २०२३ च्या सप्टेंबरांत वीसांहून कमी पटाच्या शाळांऐवजीं समूहशाळा करण्यासंबंधीं प्रस्ताव मागविण्यांत आले, तेव्हां अकोल्याच्या डोंगरांतील एका वाडीवरचे गुरुजी मला म्हणाले होते, “आमचीं अकरा मुलें आहेत तीं अकराच लिहा, पण मधल्या ओढ्याला श्रावणांत किती पाणी असतं, तेंहि लिहायला एखादा रकाना ठेवा.” तो रकाना आतां खतावणींत आहे: पुढच्या शाळेचें पायीं अंतर, आणि वाट किती महिने बंद.

पाथर्डीच्या गुरुजींसाठींहि तोच उपाय सुचला. हजेरी लपवावयाची नाहीं, पण तिच्या शेजारीं कारण उभें करावयाचें. ‘गैरहजर’ या एका शब्दाचे आम्हीं दोन केले. ‘गैरहजर’ आणि ‘तोडीला गेलें’. दुसऱ्याबरोबर निघाल्याची तारीख आणि कारखान्याचा गांव. आरंभीं गुरुजी साशंक होते. मग त्यांनींच एक मागणी केली, जी आम्हां यंत्रवाल्यांना सुचली नव्हती. “गेल्या साली कोण गेलं हें यंत्राला ठाऊक आहे ना? मग औंदा कोण जाणार त्याची यादी मला दसऱ्याआधीं द्या.”

यादी काढणें ही पांच मिनिटांची गोष्ट होती. गेल्या हंगामांत गेलेलीं आणि सध्यां पटावर असलेलीं मुलें, घरीं धाकटें भावंड आहे कीं नाहीं, आजीआजोबा गांवांत आहेत कीं नाहीं. सप्टेंबरांत त्यांच्या शाळेपुरतीं एकोणीस नांवें निघालीं. गुरुजींनीं कागद छापून घेतला, घडी करून सदऱ्याच्या खिशांत घातला आणि संध्याकाळीं घरोघर जावयास सुरुवात केली. कोठें आजीला गळ घातली, कोठें हंगामी वसतिगृहाची गोष्ट काढली, कोठें मुकादमाच्या समोरच बापाशीं बोलले. दिवाळीनंतर त्यांनीं स्वतः खतावणींत तारखा भरल्या. बारा मुलें गेलीं होतीं. सात राहिलीं, त्यांत चौथींतील एका मुलीच्या नांवापुढें त्यांनीं शेरा लिहिला आहे: धाकटा भाऊ आजीकडे, दुपारच्या सुटींत घरीं जाऊन त्याला पाहून येते. उशीर झाल्यास गैरहजेरी मांडूं नये.