कोरडं न्हाणीघर

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे, सनीवेल, कुपर्टिनो या पट्ट्यातली पुष्कळशी घरं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत, जर्दाळूच्या आणि प्लमच्या बागा तोडून, रांगेनं उभी राहिली. एकमजली, लाकडी सांगाड्याची. मालकाच्या निजायच्या खोलीला चिकटलेली न्हाणी एवढीशी, की आत दोघं शिरले तर एकाला कमोडवरच टेकावं लागेल. आज ही घरं लाखो डॉलरना जातात आणि ती घेणाऱ्यांत मराठी आडनावं आता नवलाची राहिलेली नाहीत. घर घेऊन दोन-तीन वर्षं झाली, स्वयंपाकघराचे ओटे बदलून झाले, की पाळी येते बाथरूमची. तिला पूर्वी ‘मास्टर बाथरूम’ म्हणत. २०२० साली ह्यूस्टनच्या रिअल्टर संघटनेनं आपल्या जाहिरातींतून ‘मास्टर’ काढून ‘प्रायमरी’ घातलं, आणि तो शब्द आता इकडेही रुळला आहे. स्वप्न मात्र सगळीकडे एकाच छापाचं: घरच्या घरी स्पा. मधोमध पांढराशुभ्र सुटा टब, शेजारी बांबूची कुंडी, गुंडाळलेले टॉवेल, डोक्यावर ताटाएवढा शॉवर. या स्वप्नाची टिंगल करायचा माझा हेतू नाही. दिवसभर स्क्रीनपुढे बसणाऱ्याला अंगावर गरम पाणी घेत अर्धा तास एकटं राहावंसं वाटलं, तर त्यात चैन थोडी आणि गरज जास्त. माझा आक्षेप एवढाच, की या कामातला बहुतेक पैसा डोळ्यांवर खर्च होतो. ज्या अंगासाठी न्हाणीघर बांधायचं, त्याच्या वाट्याला फार थोडा येतो.

पुरावा हवा तर आज फोडून बाहेर टाकली जाणारी जुनी बाथरूमच पाहावी. आपण जिला ‘आउटडेटेड’ म्हणतो ती बऱ्याचदा १९८०-९०च्या दशकांत कुणीतरी मोठ्या हौसेनं करून घेतलेली असते: कोपऱ्यात दोन पायऱ्या चढून जायचा भलामोठा टब, त्यात पाण्याचे फवारे, पितळी रंगाचे नळ, क्वचित खाली चक्क गालिचा. ती त्या पिढीची स्पा होती. तिचं मूळही इथलंच. इटलीहून आलेल्या जकूझी भावांचा कारखाना खाडीच्या पलीकडच्या अंगाला, बर्कलीत होता. आधी विमानांचे पंखे, मग पाण्याचे पंप, असा त्यांचा धंदा. त्यांच्यातल्या कँडिडोच्या लहानग्या मुलाला संधिवात जडला. इस्पितळात मिळणारे पाण्याचे उपचार घरीही मिळावेत, म्हणून साध्या टबात सोडता येईल असा पंप या कुटुंबानं तयार केला, आणि १९५६ साली तो बाजारात आला. १९६८ साली रॉय जकूझीनं फवारे टबाच्या अंगातच बसवले. तिथून पुढे दुखणाइताचं साधन श्रीमंतीची खूण होत गेलं. टब फुगला, उंचावला, त्याला पायऱ्या आल्या. दुखऱ्या सांध्यांसाठी जन्मलेली वस्तू, आणि दुखऱ्या सांध्यांच्या माणसाला तिच्यात उतरणंच अवघड! आज कंत्राटदाराची माणसं पहिल्याच दिवशी ती करवतीनं कापून ट्रकात भरतात.

सुटा टब त्याच वाटेनं निघाला आहे, असं मला वाटतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या हिशेबानं काठोकाठ टबाला सुमारे ७० गॅलन पाणी लागतं. म्हणजे २६५ लिटर; आपल्या भाषेत तेरा बादल्या. घरातली पाणी तापवायची टाकी सर्रास ४० किंवा ५० गॅलनची असते, त्यामुळे टब गळ्याशी येण्याआधीच नळ कोमट होऊ लागतो. शॉवरचीही तीच गत. १९९२च्या कायद्यानं देशभर शॉवरला मिनिटाला अडीच गॅलनची मर्यादा घातली. कॅलिफोर्नियानं २०१८पासून ती १.८ गॅलनवर, जेमतेम सात लिटरवर आणली. दुष्काळ भोगलेल्या राज्यानं असं करावं हे योग्यच. पण तेवढंच पाणी ताटाएवढ्या चाळणीतून सोडलं, की जाहिरातीत आषाढ दिसतो आणि अंगावर पडते ती पुण्याची भुरभुर. हाताच्या साध्या शॉवरची धार तेवढ्याच पाण्यात पाठीवर कितीतरी जोरकस लागते. पण फोटोत ती चांगली दिसत नाही.

खरी गोम फरशीत आहे. अमेरिकन बाथरूम ही मुळात कोरडी खोली. लाकडी तुळयांवर प्लायवूड, त्यावर टाइल. मधे जाळी नाही, उतार नाही. पाणी फक्त टबात किंवा काचेच्या कोठडीत पडायचं, बाहेर सांडलं तर खालचं लाकूड कुजतं. म्हणून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना पहिल्याच सकाळी सांगावं लागतं, की पडदा टबाच्या आत सोडा, पाणी बाहेर जाऊ देऊ नका. मग सत्तरीतला माणूस एका पायावर तोल सांभाळत गुडघाभर काठ ओलांडतो, साबणानं बुळबुळीत झालेल्या टबात बादली आणि मग ठेवतो आणि उभ्यानं किंवा कसाबसा वाकून अंघोळ उरकतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २००८ सालच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १५ वर्षांवरच्या सुमारे २ लाख ३४ हजार लोकांना बाथरूममधल्या दुखापतींमुळे तातडीच्या उपचारांसाठी जावं लागलं होतं, असा अंदाज निघाला. त्यांतले दहातले आठ पडल्यामुळे, आणि वयाबरोबर दुखापतींचं प्रमाण वाढतं. आता आपली मोरी आठवावी. दगडी किंवा शहाबादी फरशी, कोपऱ्याकडे उतार, बसायला पाट किंवा चौरंग, हाताशी घंगाळ आणि तांब्या. ओलांडायला फार तर चार बोटांचा उंबरठा. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान उभ्यानं होत नाही. तेल जिरायला आणि उटणं चोळायला बसावं लागतं, पाठ चोळणाऱ्यालाही जागा लागते. जपानी स्नानगृहात हेच आहे: ओली फरशी, बुटकं स्टूल, हातात शॉवर, आधी बसून अंग धुवायचं आणि मग टबात उतरायचं. गंमत अशी, की इथल्या स्पाछाप बाथरूमनं जपानकडून खोल टब आणि लाकडाचा रंग घेतला. स्टूल आणि ओली फरशी तिथेच ठेवली.

यावर कुणी म्हणेल, ही परदेशात बसून काढलेली गावची गोडगोड आठवण झाली. मोरीत अंधार असे, कडेनं शेवाळ धरे, बंबाचा धूर डोळ्यांत जाई, आणि पाणी तापवून आणून ओतणारी बाई स्वतः सगळ्यांत शेवटी नाहीतर सगळ्यांच्या आधी, पहाटे, घाईत न्हात असे. हे सगळं खरं आहे. गिरगावच्या चाळीतल्या दोन खोल्यांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली, पडदा ओढलेली मोरी म्हणजेच न्हाणीघर होतं. तिथे एकांत हा शब्द उच्चारणंही चैनीचं. ज्यांच्या आया तशा वाढल्या त्यांना आज कडी लावता येईल असं स्वतःचं न्हाणीघर हवंसं वाटलं, तर त्याला दिखाऊपणा म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण मग हा एकांत कशानं मिळतो, तेही पाहावं. भरीव दारानं, नीट बसणाऱ्या कडीनं, मंद करता येणाऱ्या दिव्यानं, आणि घरघर न करणाऱ्या पंख्यानं. यांतलं काहीच इटालियन संगमरवराइतकं महाग नाही. पाटावर जमिनीलगत बसणं पिकल्या गुडघ्यांना झेपत नाही, हेही मान्य. म्हणून बैठक खुर्चीच्या उंचीची, सतरा-अठरा इंचांची करावी. मोरीची नक्कल कशाला? तिच्यातली बैठक आणि ओली फरशी घेतली की पुरे.

दुसरी हरकत व्यवहाराची: उद्या घर विकायचं झालं तर? ‘कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू’ या वार्षिक अहवालात मध्यम खर्चाच्या बाथरूमच्या कामातला साधारण पाऊण पैसा विक्रीत परत मिळताना दिसतो. उंची थाटाच्या कामातला निम्म्याच्या आसपासच. म्हणजे गुंतवणूक म्हणूनही सुटा टब आणि संगमरवर ही सबब लंगडी. ‘एखादा तरी टब हवा’ हे दलालांचं म्हणणं मात्र ऐकण्याजोगं आहे, लहान मुलांच्या घरात तर नक्कीच. तो टब दुसऱ्या बाथरूममध्ये असतोच.

राहिला खर्च. उंबरठा नसलेली ओली फरशी स्वस्तात होत नाही. लाकडी तळावर तुळया खाली घ्याव्या लागतात. आइकलर या बिल्डरच्या इथल्या प्रसिद्ध घरांत तर काँक्रीटचा स्लॅब कापावा लागतो, आणि त्या स्लॅबच्या पोटात घर उबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या असतात. कंत्राटदार हात लावायच्या आधी दोनदा विचार करतो. फुटाला पाव इंच उतार, टाइलखाली भिंतीपर्यंत चढवलेलं जलरोधक अस्तर, टाइल लावण्याआधी जाळी बुजवून चोवीस तास पाणी साठवून घेतलेली परीक्षा. काम संपल्यावर यांतलं काहीच दिसत नाही, म्हणूनच घासाघीस इथूनच सुरू होते. ती टाइलच्या भावात करावी. अस्तर आणि परीक्षा यांत नको. आणि भिंत उघडी आहे तोवर खांबांच्या मधे, कमरेच्या उंचीवर, आडव्या फळ्या ठोकून घ्याव्यात. थोड्या डॉलरांचं लाकूड आणि सुताराचा अर्धा तास. आज तिथे आधाराची दांडी लावायची नसली तरी चालेल. फळ्या कुठे आहेत त्याचा फोटो मात्र काढून ठेवावा, टाइल चढायच्या आधी.